कागदी घडीकाम आणि घडीचे मांजर

चौरस कागद न कापता व न चिकटवता केवळ घड्यांच्या साहाय्याने मांजराचे मुख अथवा संपूर्ण देह साकारणे, हा कागदी घडीकामातील एक परिचित प्रकार होय. या कलेस सर्वत्र ‘ओरिगामी’ हे जपानी नाव रूढ झाले आहे (ओरि – घडी घालणे, कामी – कागद). मांजराच्या घडीचे दोन प्रकार मानता येतील : बालवाडीतील मुलास चार घड्यांत साधणारे मांजराचे तोंड, आणि कान, चार पाय व शेपूट यांसह एकाच कागदातून घडविलेले पूर्णाकृती मांजर. या दोहोंमध्ये काही दशकांचा इतिहास आणि बरेचसे भूमितिशास्त्र आहे. मराठी मुलखातील जुन्या घडीकामात मात्र होडी आहे, टोपी आहे, पुडी आहे, मांजर नाही. हे असे का झाले, याचे उत्तर पुष्कळ अंशी घडी कशाची घातली जात होती यात सापडते. ते पाहण्यास कागदाच्या आधी पानाकडे, म्हणजे केळशीसारख्या माडापोफळींच्या गावाकडे वळणे इष्ट ठरते.

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्याच्या उत्तर भागात, भारजा नदीच्या मुखाजवळ केळशी हे गाव वसले आहे. येथील महालक्ष्मीचे मंदिर व याकूबबाबांचा दर्गा प्रसिद्ध आहेत. केळशी, आंजर्ले, हर्णे या किनारपट्टीवर नारळ व सुपारी यांच्या वाड्या असून येथील घरगुती जीवनात पानाला घडी घालणे ही नित्याची क्रिया होती. पानांना चोय टोचून पत्रावळ लावणे, द्रोण वळणे, फणसाच्या पानांचे खोले करून त्यांत पीठ वाफवणे, हळदीच्या पानावर तांदळाचे पीठ थापून वर गुळखोबऱ्याचे सारण पसरणे आणि पान मध्ये दुमडून पातोळे उकडणे, विड्याचे पान त्रिकोणी दुमडून त्यास लवंग टोचणे, या साऱ्या क्रियांमागे घडीचेच तत्त्व आहे. गोविंदविड्याची लवंग जे काम करते तेच काम कागदी घडीत टोक खाचेत खोवण्याने साधते : घडी उलगडू न देणे. याच तालुक्यातील पालगड हे साने गुरुजींचे (१८९९–१९५०) जन्मगाव. त्यांच्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकात पत्रावळ लावण्यावरून घडलेल्या प्रसंगास एक संपूर्ण प्रकरण दिलेले आहे. ज्या घरात मुलाला पत्रावळ लावता येणे हे शिक्षणाचे अंग मानले जाई, त्या घरात हाताला घडीचे वळण वेगळे लावावे लागत नसे.

मुलांच्या खेळात हेच वळण माडाच्या पात्याच्या रूपाने येते. झापातील एक पाते घेऊन त्याचा मधला हीर काढला की दोन लांब, चिवट पट्ट्या हाती येतात. त्या एकमेकींत ओवून मनगटावरचे घड्याळ, चौकोनी चेंडू, नागमोडी साप, वाऱ्यावर फिरणारे भिरभिरे इ. खेळणी करतात, तर एक पट्टी तिरपी गुंडाळत नेली की पिपाणी होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पाते ही पट्टी आहे, चौरस नव्हे. पट्टीची कला ही विणण्याकडे झुकते. तिच्यातून साप सहज होतो, कारण साप हा मुळातच पट्टीसारखा असतो. चार पायांचे, कान टवकारलेले जनावर तिच्यातून होणे कठीण. शिवाय पाते दोन दिवसांत सुकते व खेळणे आकसून मोडते. त्यामुळे या खेळण्यांचे नमुने कोठे जतन होऊ शकले नाहीत. ती केवळ हातांच्या स्मरणात राहिली.

पाने व खेळणी यांच्या जोडीने वस्त्रे आणि पक्वान्ने यांच्या घड्याही मराठी जीवनात विपुल आढळतात. धोतराच्या चुण्या, नऊवारी लुगड्याच्या निऱ्या, करंजीची मुरड, मोदकाच्या पाकळ्या या प्रत्येकीस स्वतंत्र शब्द आहे. घडी, दुमड, चूण, निरी, मुरड, सुरळी असे सूक्ष्म भेद दाखविणारे शब्द ज्या भाषेत आहेत, तिला घडीकामाची परिभाषा बाहेरून आणण्याचे फारसे कारण नव्हते. प्रत्यक्षात मात्र ती आली ती ‘डोंगरघडी’ व ‘दरीघडी’ अशा शब्दशः भाषांतरित रूपांतच.

कागदाची कथा याहून निराळी आहे. महाराष्ट्रात हातकागदाचा धंदा जुना असून खुलताबादजवळील कागजीपुरा व पुणे जिल्ह्यातील जुन्नर ही त्याची ख्यातनाम केंद्रे होती. मुहम्मद तुघलकाने १३२७ च्या सुमारास आपली राजधानी देवगिरीस हलविली, त्या स्थलांतराशी कागजीपुऱ्यातील धंद्याचा संबंध जोडला जातो. जुन्नरी कागद पेशवाईत दप्तरासाठी वापरात होता. चिंध्या व तागासारख्या तंतूंच्या लगद्यापासून बनविलेला, खळ देऊन घोटलेला हा कागद टिकाऊ पण मोलाचा असे. त्यावर घडी पडे ती कामापुरती : समास पाडण्यासाठी, पत्राचा लखोटा करण्यासाठी, वैद्याच्या औषधाची पुडी बांधण्यासाठी. पुडी ही घडीकामाच्या दृष्टीने उपेक्षणीय वस्तू नव्हे. चिमूटभर चूर्ण न सांडता, दोरा वा डिंक न लावता बंद ठेवणे आणि हवे तेव्हा एका हाताने उघडणे, ही मागणी पुरी करणारी तिची रचना अत्यंत काटकसरीची आहे. परंतु खेळण्यासाठी कागद दुमडावा व पावसाच्या पाण्यात सोडून द्यावा, इतका तो स्वस्त नव्हता.

तो तसा झाला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, गिरणीत तयार होणारा कागद, शाळेतील वह्या आणि वर्तमानपत्रे घरोघर पोहोचू लागल्यावर. बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण १८३२ मध्ये निघाले. केसरी १८८१ मध्ये. वाचून झालेले वर्तमानपत्र व फाटलेले वहीचे पान हाच मराठी मुलाचा पहिला घडीचा कागद होय. त्याचा आकार आयताचा असल्याने त्यातून निघणाऱ्या आकृतीही आयताच्या आहेत. आयत मध्ये दुमडून वरचे दोन कोपरे खाली आणले व उरलेल्या कडा दोहों बाजूंस उलटवल्या की टोपी होते; टोपी उघडून चौकोन केला, त्याची टोके वर नेली व बाजू ओढल्या की होडी होते. साधी होडी, शिडाची होडी, नांगरहोडी असे तिचे प्रकार असून त्यांची नावे गावागणिक बदलतात. कोकणात पागोळ्यांखाली सोडलेल्या या होड्यांचे आयुष्य अंगण ओलांडण्याइतकेच असे. चौरसापासून होणाऱ्या आकृतीही मुलांना ठाऊक होत्या, उदा., चार कप्प्यांचे, बोटांत धरून उघडमीट करता येणारे खेळणे. पण त्यासाठी आधी पानाचा कोपरा तिरपा दुमडून जादा पट्टी फाडून टाकावी लागे. चौरस हा मराठी मुलाला दिलेला नव्हता, तो त्याला करावा लागत असे.

जपानमध्ये घडीचा उगम असाच गुंडाळण्यात व बांधण्यात आढळतो. सरदार घराण्यांत भेटवस्तू कोणत्या घडीच्या कागदात द्यावी याचे काटेकोर नियम होते व इसे सादाताके या अभ्यासकाने अठराव्या शतकात ते ग्रंथबद्ध केले. केवळ मनोरंजनासाठी केलेल्या घड्यांचे सर्वांत जुने ज्ञात पुस्तक १७९७ मधील असून त्यात एकाच कागदातून परस्परांना जोडलेले अनेक करकोचे करण्याच्या रीती दिलेल्या आहेत. सु. १८४५ मधील एका हस्तलिखित ज्ञानसंग्रहात प्राणी, कीटक व मानवी आकृती आढळतात. त्यांपैकी पुष्कळ कागदास काप देऊन केलेल्या आहेत. काप न देण्याचा आजचा दंडक त्या काळी नव्हता. ‘ओरिगामी’ हा शब्दही पूर्वी प्रमाणपत्रासारख्या दुमडलेल्या लेखास लावीत. खेळातील घडीकामास तो अलीकडच्या काळात चिकटला.

हा बदल घडण्यात जर्मन शिक्षणतज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याच्या बालोद्यान पद्धतीचा मोठा वाटा आहे. फ्रबेलने घडीकामास मुलांच्या हस्तव्यवसायांत स्थान दिले व त्यातून निघणाऱ्या आकृतींचे जीवनाकृती, सौंदर्याकृती व ज्ञानाकृती असे तीन वर्ग केले. टोक्योत १८७६ मध्ये या पद्धतीची बालशाळा निघाली आणि यूरोपातील घड्या व रंगीत चौरस कागद जपानी घड्यांत मिसळून गेले. तेव्हा ज्यास आपण अस्सल जपानी म्हणतो त्या कलेचा शालेय अवतार हा मिश्र कुळाचा आहे.

भारतातही फ्रबेलचे रंगीत चौरस आले आणि त्यांचा येथे झालेला उपयोग अधिक विलक्षण होता. मद्रास इलाख्यातील सरकारी अधिकारी टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रास येथे कागदाच्या घड्यांनी भूमितीचे सिद्धांत व रचना दाखविणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. पुस्तकाची कल्पना बालोद्यानातील दोनशे रंगीत चौरसांच्या संचावरून सुचल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली व १९०१ मध्ये शिकागो येथून त्याची नवी आवृत्ती निघाली. घनमूळ घडीने काढता येणार नाही असे रावांनी सूचित केले होते. ते चुकीचे ठरले : मार्गेरिता बेलोक या इटालियन विदुषीने १९३६ मध्ये दोन बिंदू एकाच वेळी दोन रेषांवर आणणाऱ्या घडीने त्रिघाती समीकरण सोडविता येते, हे दाखविले. फ्रबेलच्या वर्गवारीत रावांनी ज्ञानाकृतींची वाट चोखाळली. जीवनाकृतींची, म्हणजे मांजराची वाट मात्र आपल्याकडे बालवाड्यांतून रुंदावत गेली.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाच्या चळवळीत ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे कार्य पायाभूत आहे. त्यांची दृष्टी माँटेसरी पद्धतीची असून त्या पद्धतीतही आखलेल्या रेषांवर कापडाच्या घड्या घालण्याचे पाठ आहेत. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले व १९५७ पासून ते कोसबाड येथे चालले. अनुताई वाघ (१९१०–९२) यांनी ते पुढे नेले. महागड्या परदेशी साधनांऐवजी परिसरातील दगड, पाने, शिंपले, बिया यांचा उपयोग करणे हे या कामाचे वैशिष्ट्य होते. घडीच्या दृष्टीने पाहता, ही भूमिका माडाच्या पात्याच्या खेळण्यांना शाळेचे दार उघडून देणारी होती. पुढे गावोगाव निघालेल्या बालवाड्यांत मात्र रंगीत घोटीव कागदाची पाकिटे व तयार आकृत्या अधिक सोयीच्या वाटल्या. पाते गेले आणि चौरस आला. चौरसाबरोबर मांजर आले.

या मांजराच्या तोंडाची कृती अशी : चौरस कर्णावर दुमडून त्रिकोण करावा व काटकोनाचे टोक वर धरावे. हे टोक थोडे खाली दुमडले की डोक्याची वरची कड तयार होते. मग पायाची दोन्ही टोके मध्याच्या जवळून तिरपी वर न्यावीत, म्हणजे ती वरच्या कडेच्या बाहेर कानांसारखी डोकावतात. कागद उलटा करून डोळे, नाक व मिशा काढल्या की मनीमाऊ तयार. तोच त्रिकोण उलटा धरून दोन्ही टोके खाली पाडली असता कुत्रा होतो. कान वर की खाली एवढ्यावर लहान मूल दोन प्राणी वेगळे ओळखते, ही गोष्ट चित्रकारानेही विचारात घेण्याजोगी आहे. अर्थात या आकृतीत ओळख पटविण्याचे निम्मे काम पेन्सिल करते. मिशा न काढता मांजर ओळखू आले पाहिजे, हा आग्रह धरताच प्रश्न अवघड होतो.

पूर्णाकृती मांजराची अडचण प्रथम संख्येची आहे. पारंपरिक करकोचा ज्या मूळ घडीतून होतो तिला चार लांब टोके असतात. पक्ष्याला ती पुरतात : एक मान, एक शेपूट, दोन पंख. मांजरास डोके, चार पाय व शेपूट मिळून सहा टोके लागतात आणि कानांची दोन वेगळी. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यास इसाओ होंडा यांच्यासारख्या लेखकांनी पुढचा भाग एका कागदाचा व मागचा दुसऱ्याचा, अशी दोन कागदांची जनावरे प्रचारात आणली. ही तोड व्यवहारी होती, पण शुद्धतेच्या आग्रही घडीकारांना ती मान्य झाली नाही.

एकाच कागदातून सजीव भासणारे प्राणी घडविण्याचे श्रेय आकिरा योशिझावा (१९११–२००५) यांना दिले जाते. एका जपानी सचित्र नियतकालिकाने त्यांच्याकडून बारा राशिप्राणी करवून घेतले व १९५२ मध्ये ते प्रसिद्ध होताच त्यांचे नाव झाले. येथे एक गंमत अशी की, जपानी राशिचक्रात उंदीर आहे, वाघ आहे, पण मांजर नाही. त्यामुळे आधुनिक घडीकामाच्या या पहिल्या दरबारात त्याला आसनच नव्हते. (व्हिएटनामी राशिचक्रात सशाच्या जागी मांजर येते.) योशिझावांनी १९५४ मधील पुस्तकात तुटक रेषा व बाण यांची चिन्हपद्धती वापरली. अमेरिकेतील सॅम्युएल रँडलेट व इंग्लंडमधील रॉबर्ट हार्बिन यांनी ती पुढे रूढ केली व भाषा न जाणताही घडी शिकता येऊ लागली. कागद किंचित ओलावून दुमडण्याची त्यांची रीत मांजराच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची आहे. मांजराचे मांजरपण त्याच्या पाठीच्या बाकात व मानेच्या वळणात आहे. कोरड्या घडीची रेषा सरळ व धारदार असते. ओलसर जाड कागदाला दिलेला बाक वाळल्यावर तसाच राहतो.

टोकांच्या संख्येचा प्रश्न सुटला तो मात्र गणिताने. कागदातून जेवढ्या लांबीचे टोक काढावयाचे तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ त्या टोकाभोवतीची जागा व्यापते. टोक कागदाच्या मध्यभागातून काढल्यास पूर्ण वर्तुळ खर्च होते, कडेवरून काढल्यास अर्धे आणि कोपऱ्यातून काढल्यास केवळ पाव. म्हणजे मांजराचे पाय चार कोपऱ्यांतून व डोके आणि शेपूट समोरासमोरच्या कडांवरून काढणे काटकसरीचे होते, आणि कानांसाठी डोक्याच्या टोकातच थोडी जागा राखावी लागते. वर्तुळे चौरसात परस्परांवर न चढता बसवता आली तर तशी मूळ घडी अस्तित्वात असते. हे तत्त्व १९९० च्या दशकात अमेरिकन भौतिकीविज्ञ रॉबर्ट लँग व जपानी घडीकार तोशियुकी मेगुरो यांनी विकसित केले. लँग यांनी त्यासाठी संगणकाची आज्ञावलीही रचली. त्यानंतर कीटकांचे सहा पाय व मिशाही एका कागदात मावू लागल्या. तरीही पाय वाढले म्हणून मांजर चांगले होतेच असे नाही. प्रत्येक टोकागणिक पोटाशी कागदाचे थर साचतात व जनावर जड, ठोकळ्यासारखे दिसू लागते. बसलेल्या मांजराची घडी बहुधा उभ्यापेक्षा सरस उतरते. बसलेल्या मांजराचे मागचे पाय अंगाखाली दडतात, पुढचे दोन एकत्र दिसतात आणि शेपूट अंगाभोवती लपेटली जाते; निम्मी टोके वाचतात व उरलेला कागद पाठीच्या बाकासाठी मिळतो.

महाराष्ट्रात ओरिगामीस सुशिक्षित वर्गात लोकप्रियता मिळवून देणाऱ्यांत लेखक व समाजकार्यकर्ते अनिल अवचट (१९४४–२०२२) यांचे नाव अग्रगण्य आहे. भेटेल त्या मुलास कागदाची आकृती करून देण्याचा त्यांचा परिपाठ होता व छंदांविषयी या पुस्तकात त्यांनी या छंदाबद्दल लिहिले आहे. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका या संस्थेतील बालविज्ञान केंद्रातून वर्तमानपत्राच्या टोप्या व टाकाऊ कागदाची खेळणी देशभर पोहोचविली. त्यांच्या कामात रंगीत चौरसाऐवजी रद्दीला मान मिळाला, हे मराठी मुलाच्या जुन्या सवयीशी जुळणारे आहे. ‘ओरिगामी मित्र’ हा हौशी घडीकारांचा गट प्रदर्शने भरवीत आला आहे. अशा प्रदर्शनांत मांडलेल्या आकृतींखाली मूळ रचनाकाराचे नाव लिहिण्याची प्रथा आहे व ती योग्यच आहे. नांगरहोडी, पुडी किंवा पात्याचे घड्याळ यांखाली लिहिण्यास नाव नाही. निनावी म्हणून ती प्रदर्शनात येत नाहीत आणि प्रदर्शनात येत नाहीत म्हणून त्यांच्या आकृत्या कोणी काढून ठेवीत नाही. जपानी लोकांनी आपल्या भेटवस्तूंच्या वेष्टनघड्या अठराव्या शतकातच कागदावर उतरविल्या होत्या.

कोकणातील पानाच्या घड्यांना दुहेरी ओहोटी लागली. यंत्रावर दाबलेल्या पत्रावळी, प्लास्टिक व थर्मोकोल यांमुळे घरी पत्रावळ लावण्याचे काम मागे पडले. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली, तोवर ते शिकविणारे हात पुष्कळ घरांत उरले नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर धडकले. त्यात लगतच्या दापोली व मंडणगड तालुक्यांतील माडापोफळींच्या असंख्य झाडांचा चुराडा झाला आणि बागायतदारांचे वर्षानुवर्षांचे उत्पन्न बुडाले. नव्याने लावलेला माड फळास येण्यास जातीनुसार पाच ते आठ वर्षे लागतात. खेळण्याजोगे लांब पाते देणारे झाप त्याच्या बरेच आधी येतात, आणि रोपाचे झाप लहान मुलाच्या हाताला शिडीवाचून पोहोचतात.